एका मोटेवर किती जणांचं पोट?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली कामं म्हटलं की मुलांना विलायती गोष्टींतलं धुराडं साफ करणारं पोर आठवतं. अरुंद धुराड्यात चढून काजळी खरवडायची, हे त्याचं काम. इंग्लंडमध्ये ते थांबवायला १८७५चा कायदा यावा लागला. पण त्याच १८७५ साली आपल्या कंधारला, औशाला, उदगीरला माणसं दिवसभर काय करत होती? नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. राणीचं नाव इथल्या शिवारात कुणाच्या तोंडी फारसं नसेल, पण विहिरीवर मोट मात्र चालू होती.

मला विचाराल तर मुलांना जुन्या धंद्यांची यादी पाठ करायला लावू नये. त्यांना मोट दाखवावी. गावात नसेल तर चित्रातली दाखवावी, आणि विचारावं : हे चालायला किती माणसं लागली?

आधी ती चालते कशी ते बघा, कारण ते फार सुंदर आहे. कातड्याची मोठी पिशवी, शंभराहून जास्त लिटर पाणी मावेल एवढी. तिच्या तळाला कातड्याचीच लांब सोंड. पिशवीच्या तोंडाचं लोखंडी कडं जाड दोराला, म्हणजे नाड्याला बांधलेलं. हा नाडा वरच्या उंच चाकावरून जातो. सोंडेच्या टोकाला बारीक दोर, सोंदूर. तो खाली विहिरीच्या काठाशी बसवलेल्या लाकडी लाटेवरून जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. दोरांची लांबी अशी मापून बांधलेली की मोट वर येताना सोंड दुमडून तिचं तोंड पिशवीच्या तोंडाइतकंच उंच राहतं, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला बाहेर थारोळ्याकडे, म्हणजे काठावरच्या छोट्या हौदाकडे ओढतो आणि नाडा पिशवीला आणखी वर नेतो. सोंड खाली, पाणी वर. सगळं पाणी धो धो थारोळ्यात आणि तिथून पाटात. मोट उलटी करायला विहिरीवर माणूस उभा करावा लागत नाही. दोन दोरांच्या लांबीतला फरक ते काम करतो!

बैलांची धावही उताराची. भरलेली मोट ओढताना बैल उतारावरून खाली जातात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वजनही पाणी उचलतं. मोटकरी नाड्यावर बसून आपलं वजन त्यात घालतो. मग बैल मागच्या पायांनी सरकत पुन्हा वर. हे दिवसभर, तोंडाने गाणं म्हणत.

आता माणसं मोजू. विहीर खोदणारे वडार. कातडं कमावून मोट शिवणारा ढोर. नाडा-सोंदूर वळणारा मातंग. चाक आणि त्याचा कणा घडवणारा सुतार. कडं ठोकणारा लोहार. हाकणारा शेतकरी, आणि पाटाची दारं धरायला त्याच्या घरातली बाई किंवा पोर. गावातल्या कारागिरांना बहुतेक रोख पैसे मिळत नसत. सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात बलुतं मिळे.

इथे थांबून मुलांना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती मऊ करून सांगू नये. ही कामं कुणी निवडलेली नव्हती. ज्या घरात जन्म, ते काम. ज्यांच्या हातच्या कातड्याने आणि दोराने पाणी वर यायचं, त्यांनाच गावच्या पाणवठ्याला शिवायची बंदी होती. त्यांच्या बायका घागर घेऊन कुणी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत उभ्या राहायच्या. अशीच बंदी मोडून महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्यायले ते २० मार्च १९२७ रोजी. मोटेचं कौतुक करताना हे गाळलं तर मुलांना अर्धाच इतिहास मिळतो.

मग तेलावरचं इंजिन आलं, वीज आली, आणि मोट अडगळीत गेली. पिण्याच्या पाण्यासाठी हातपंप आले, पण सुरुवातीचे बिडाचे पंप गावभराच्या वापराने सारखे मोडत. याचं उत्तर ज्या काही ठिकाणी शोधलं गेलं त्यांतलं एक आपल्या मराठवाड्यातलं जालना! तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी पंप बनवला, सोलापुरात त्यात सुधारणा झाली, आणि याच धाग्यावरून १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. तो पुढे आफ्रिकेतल्या गावांतही पोचला.

२०१६च्या दुष्काळात तर लातूरला पाणी आगगाडीने आलं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी पोचली, तिच्यात ५ लाख लिटर पाणी होतं. मिरज-कुर्डुवाडी-लातूर हा मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. तिचा पहिला टप्पा १८९७ला, राणी हयात असतानाच सुरू झाला होता आणि १९११मध्ये तिचे अडीच फुटी रूळ लातुरात पोचले. ते बदलून रुंद केले म्हणून टाक्यांची एवढी गाडी येऊ शकली. म्हणजे पाणी भरायच्या कामात आता गाडीचा चालक आणि सिग्नलवालाही आले.

मोटेच्या जागी आलेल्या विजेच्या मोटारीमागची माणसंही दाखवा. मुलांना घेऊन मोटार बांधणाऱ्याच्या दुकानात जा. शेतातली मोटार का जळते ते तो सांगेल : तीनपैकी एक फेज गेला की उरलेल्या दोनांवर भार पडतो, तारा तापतात, त्यांवरचा लेप जळतो. मग तो जळकं तांबं काढून तेवढेच वेढे पुन्हा मोजून भरतो. त्याला विचारा, हे काम कुणाकडून शिकलात? वडील काय करत होते?

आणि उन्हाळ्यात शिवारात बोअरची गाडी आली तर लांबून का होईना, थांबून बघा. यातल्या पुष्कळ गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या, त्यावरची पोरंही अनेकदा दूरच्या राज्यांतली. दाबाच्या हवेवर चालणारा हातोडा काळ्या दगडात उतरतो आणि भुकटी वर फेकतो. बराच वेळ काळपट भुकटी येते, मग मध्येच तांबडी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा एक थर थंडावला, त्याचा वरचा भाग ऊनपावसाने कुजला, आणि त्यावर पुढचा लाव्हा आला. तो कुजलेला थर म्हणजे ही तांबडी भुकटी. गाडीवरचा माणूस ती चिमटीत घेऊन बघतो आणि अजून किती खाली जायचं ते ठरवतो. त्याने ते कशावरून ठरवलं, हे मुलांना त्यालाच विचारू द्या.