शहराच्या वेशीवरील झुडपी रान

ज्या जमिनीत पीक निघत नाही, तिची नोंद सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ अशी होते. लोकव्यवहारात तिला ‘पडीक’ म्हणतात. या शब्दांमुळे अशी जमीन निरुपयोगी असते, अशी समजूत मुलांच्याही मनात दृढ होते. शहराच्या वेशीवर ही समजूत विशेष हानिकारक ठरते. तेथे रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर प्रथम दगडखाण येते, मग राडारोडा आणि अखेरीस इमारती.

पुण्याचे उदाहरण घ्यावे. वेताळ टेकडी, तळजाई आणि दक्षिणेचे कात्रजचे डोंगर उन्हाळ्यात उजाड भासतात. परंतु खैर, बोर, करवंद, हेंकळ, गणेर आणि त्यांच्यामधील गवत ही कोरड्या उतारांना अनुरूप अशी वनस्पतिसृष्टी आहे. येथे मुरमाचा थर पातळ असतो; गवताची मुळे त्याला धरून ठेवतात. पावसाचे पाणी झुडपांत व गवतात अडते, संथ होते आणि कातळाच्या भेगांतून खाली मुरते. तेच पुढे झऱ्यांना व विहिरींना मिळते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधवून याच डोंगरांचे पाणी भुयारी नळाने शहरातील हौदांत आणविले होते.

याच डोंगरांतून आंबील ओढा निघतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मुसळधार पावसाने त्याला पूर आला, काठच्या वस्त्यांत पाणी शिरले व अनेकांचे प्राण गेले. पाऊस मोठा होता आणि ओढ्याचे पात्रही जागोजागी आकसले होते. अशा वेळी वरच्या उतारावर माती उघडी पडलेली असेल, तर पाणी अधिक वेगाने व गाळ घेऊन खाली येते. म्हणून वरचे रान हे खालच्या वस्तीचे संरक्षण होय.

झुडपी रान पुष्कळ जीवांचे घरही आहे. तित्तर, लावा व रातवा जमिनीवरच अंडी घालतात. त्यांना झुडपांचा आडोसा लागतो. बुलबुल करवंदे खाऊन त्यांच्या बिया दूर टाकतो. रानातील मधमाश्या भोवतालच्या शेतांतील भोपळा, काकडी व सूर्यफुलाचे परागण करतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वृक्षारोपण स्तुत्य असले, तरी गवताळ उतारावर परदेशी वृक्षांची दाटी करणे हितकर नाही. पुण्याच्या टेकड्यांवर मध्य अमेरिकेतील गिरिपुष्पाची मोठी लागवड झाली. झाडी वाढली, परंतु मूळचे गवत व त्यावर जगणारे जीव यांची जागा त्यामुळे आक्रसली. जेथे जे मूळचे आहे, त्याचे रक्षण हेच तेथील पहिले वनसंवर्धन.

हा विषय वर्गात एका सोप्या प्रयोगाने शिकविता येईल. दोन सारख्या खोक्यांत माती भरावी; एकीवर गवताचा गड्डा बसवावा, दुसरी उघडी ठेवावी. दोन्ही खोकी सारखीच कलती ठेवून झारीने समान पाणी घालावे व वाहून आलेले पाणी काचेच्या भांड्यांत धरावे. कोणते पाणी लवकर आले, कोणते गढूळ, हे मुलांनी स्वतः पाहावे. त्यानंतर त्यांना गावच्या माळावर न्यावे. तेथील दहा वनस्पतींची नावे त्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उतरविली, म्हणजे ‘पडीक’ या शब्दाचा अर्थ त्यांचा तेच पुन्हा तपासतील.