हेडफोनच्या केबलचे सोल्डरिंग : साधने, कृती आणि सुरक्षितता

प्रस्तावना

हेडफोन बिघडतो तेव्हा त्यातील ध्वनी निर्माण करणारा भाग पुष्कळदा शाबूत असतो. प्लगच्या तोंडाशी वारंवार वाकल्यामुळे केबलमधील एखादी बारीक तार तुटते, एका कानाचा आवाज जातो आणि एरवी उत्तम असलेला संच कचऱ्यात जमा होतो. अशी केबल दुरुस्त करणे किंवा नवीन तयार करणे पदवी स्तरावरील विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कौशल्याधिष्ठित शिक्षणावर भर दिला गेल्याने अशा छोट्या प्रात्यक्षिकांचे महत्त्वही वाढले आहे.

परंतु आपल्या प्रयोगशाळांतून कृती वहीत लिहिली जाते आणि सुरक्षिततेच्या सूचना भिंतीवर टांगल्या जातात. जणू त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोल्डरिंगच्या बाबतीत तसे नाही. सांधा ज्या चुकांमुळे कच्चा राहतो, बहुतांशी त्याच चुका करणाऱ्याच्या आरोग्यालाही बाधक ठरतात. हे सूत्र स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केबलची रचना

साध्या ३.५ मि.मी. प्लगचे तीन भाग असतात. टोक डाव्या कानासाठी, मधले कडे उजव्या कानासाठी आणि मुळाकडील भाग दोन्ही कानांना सामाईक असतो. मायक्रोफोन असलेल्या संचात चार भाग असतात. सध्या प्रचलित असलेल्या सीटीआयए रचनेत दुसरे कडे सामाईक असून मुळाकडील भाग मायक्रोफोनसाठी असतो. जुन्या ओएमटीपी रचनेत या दोहोंची अदलाबदल असते. म्हणून जुना प्लग कापण्यापूर्वी कोणती तार कोठे जाते याची नोंद करावी.

केबलमधील तारा केसासारख्या बारीक असून लाल, हिरव्या किंवा तांबूस रंगाच्या दिसतात. हा रंग म्हणजे इनॅमलचा विद्युत्‌निरोधक थर होय. तो काढल्याशिवाय सोल्डर तांब्याला धरत नाही. मजबुतीसाठी तारांमध्ये नायलॉनसारखे धागेही गुंफलेले असतात. तेही बाजूला करून कापावे लागतात. नवशिक्यांचे अपयश बहुधा येथेच सुरू होते. सोल्डर गोळी होऊन ओघळते, विद्यार्थी आयर्न अधिक तापवतो, अधिक वेळ टेकवतो आणि शेवटी प्लगमधील प्लास्टिक वितळते.

साधनांची निवड

या कामासाठी २५ वॅटचा साधा आयर्न चालतो. परंतु तापमान नियंत्रित करता येणारे सोल्डरिंग स्टेशन अधिक योग्य. साध्या आयर्नचे बिट काम नसताना तापतच राहते. बिट टोकदार सुईसारखे नसावे. छिन्नीच्या आकाराचे लहान बिट सांध्याला उष्णता लवकर पोहोचवते. जुनी तांब्याची बिटे कानशीने घासून साफ केली जात. आजच्या बिटांवर लोखंडाचा मुलामा असतो व घासल्यास तो निघून जातो. त्यामुळे ती ओलसर स्पंजाने अथवा पितळी तारेच्या जाळीनेच पुसावीत.

सोल्डरची तार १ मि.मी.पेक्षा बारीक आणि आत राळेचा फ्लक्स असलेली घ्यावी. नळकामासाठीचा आम्लयुक्त फ्लक्स येथे वापरू नये. तो बारीक तारा कालांतराने खाऊन टाकतो. याशिवाय आयर्नचे जड स्टँड, केबल धरण्यासाठी चिमट्यांचा स्टँड, तार सोलण्याची पकड, सोल्डर शोषक पंप, उष्णतेने आकसणारी नळी, मल्टिमीटर आणि संरक्षक चष्मा एवढे साहित्य पुरेसे आहे.

मिश्रधातूचा निर्णय शिक्षकांनी विचारपूर्वक घ्यावयाचा आहे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते व एकदम घट्ट होते. शिसेविरहित सोल्डरपैकी कथील, चांदी व तांबे यांचे प्रचलित मिश्रण २१७ ते २२० अंशांदरम्यान वितळते. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध आणले. भारतातील ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ मध्येही उत्पादकांसाठी, काही अपवाद वगळता, शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्का आहे. प्रयोगशाळेतील हातकामाला हा नियम थेट लागू होत नसला, तरी नवीन खरेदी शिसेविरहित असणे श्रेयस्कर. मात्र त्यामुळे धुराचा प्रश्न मिटतो असे समजू नये.

कृती

आपल्याकडील कल्हईवाल्याची पद्धत येथे आठवावी. तो भांडे आधी तापवतो, नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि मग तापलेल्या भांड्यावर कथील फिरवतो. कथील वितळते ते भांड्याच्या उष्णतेने. सोल्डरिंगचे तत्त्व हेच आहे : तापवायचा तो सांधा, सोल्डर नव्हे.

प्रथम प्लगचे झाकण व आकसणारी नळी केबलवर ओवून घ्यावी. सांधा झाल्यावर ती घालता येत नाही. तारेचे टोक बारीक पॉलिश कागदाने हलकेच घासून इनॅमल काढावे. नंतर तारेला आणि प्लगच्या पट्टीला स्वतंत्रपणे सोल्डरचा पातळ थर द्यावा. प्लग एखाद्या जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवल्यास प्लास्टिक मऊ झाले तरी त्याचे भाग जागचे हलत नाहीत. बिटचे तापमान शिसेयुक्त सोल्डरसाठी सुमारे ३३० ते ३५० अंश आणि शिसेविरहित सोल्डरसाठी सुमारे ३५० ते ३८० अंश ठेवावे. तार व पट्टी एकत्र धरून बिट दोन-तीन सेकंद टेकवावे, थोडे सोल्डर द्यावे, बिट उचलावे आणि सांधा थंड होईपर्यंत हलवू नये. फुंकरही मारू नये.

धोके आणि प्रतिबंध

सोल्डरिंगचा धूर म्हणजे शिशाची वाफ, असा सार्वत्रिक समज आहे. शिशाचा उत्कलनबिंदू १,७४९ अंश सेल्सिअस आहे; बिटच्या तापमानाला त्याची वाफ नगण्य असते. दिसणारा धूर फ्लक्समधील राळेचा असतो आणि तो निरुपद्रवी नाही. राळेच्या धुराशी सतत संपर्क आल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा अशी संवेदनशीलता निर्माण झाली की अल्प धुरानेही त्रास होतो. बिट जितके अधिक तापलेले तितका धूर अधिक. शिसेविरहित सोल्डरला अधिक तापमान लागत असल्याने त्याच्या वापरात वायुवीजनाची गरज वाढतेच. इनॅमल बिटने जाळण्याची पद्धत रूढ आहे. पण ते पॉलियुरेथेनचे असल्यास श्वसनमार्गाला घातक असे आयसोसायनेट वायू निघतात. म्हणूनच वर घासण्याची पद्धत सुचवली आहे.

छताचा पंखा धूर खोलीभर पसरवतो. त्याऐवजी टेबलाजवळूनच धूर ओढून नळीने खिडकीबाहेर सोडणारी व्यवस्था करावी. डोके सांध्याच्या थेट वर न ठेवता बाजूला ठेवावे. कापडी मुखपट्टी वायू अडवत नाही.

शिसे शरीरात जाते ते मुख्यतः हातावाटे तोंडात. दोन्ही हात गुंतलेले असताना सोल्डरची तार दातांत धरण्याची सवय म्हणूनच अत्यंत घातक आहे. शिशाच्या संपर्काची निर्धोक अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामाच्या टेबलावर चहा अथवा डबा नसावा, काम संपताच हात साबणाने धुवावेत आणि सोल्डरचे कण व वापरलेला स्पंज झाकणाच्या डब्यात साठवून ई-कचऱ्यात द्यावा.

आयर्नची वायर त्याच्याच बिटला टेकून वितळणे हा विजेच्या धक्क्याचा मोठा धोका आहे. तीन पिनांचा प्लग, योग्य अर्थिंग आणि प्रत्येक तासापूर्वी वायरची पाहणी आवश्यक मानावी. आयर्न हातातून निसटल्यास झेलू नये. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद वा बर्फ लावू नये.

तपासणी

सांध्याची परीक्षा केवळ चकाकीवरून करू नये; शिसेविरहित सोल्डर चांगले असूनही निस्तेज दिसते. सोल्डर तारेला व पट्टीला चिकटून पसरलेले असावे. मल्टिमीटरने टोक व मूळ आणि कडे व मूळ यांमधील रोध मोजावा. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये दोन्ही वाचने साधारण त्याच्या आसपास आणि परस्परांशी जुळणारी हवीत. शून्याजवळचे वाचन म्हणजे तारा एकमेकींना टेकल्या आहेत.

एक दोष पदार्थविज्ञानाच्या वर्गात अवश्य दाखवावा. सामाईक तारेचा सांधा निखळला, तर दोन्ही कानांचे भाग एकसरीत येतात आणि त्यांतून डाव्या व उजव्या संकेतांतील फरकच ऐकू येतो. गायकाचा आवाज बहुधा दोन्हींकडे समान ध्वनिमुद्रित असल्याने तो जवळजवळ नाहीसा होतो व वाद्ये उरतात. विद्यार्थ्याला हेडफोन कायमचा बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात एकच सांधा पुन्हा करावयाचा असतो.

निष्कर्ष

स्वच्छ पृष्ठभाग, योग्य तापमान आणि अल्प वेळ या तीन गोष्टींनी सांधा पक्का होतो. त्यांनीच धूर कमी होतो, प्लास्टिक वाचते आणि भाजण्याचा प्रसंग टळतो. म्हणून सुरक्षिततेचे मूल्यमापन कृतीपासून वेगळे न करता प्रात्यक्षिकाच्या गुणांतच त्याचा समावेश करणे उचित ठरेल. मात्र धूर बाहेर काढण्याची व्यवस्था आणि अर्थिंग या बाबी विद्यार्थ्याच्या हातात नसतात. त्यांची जबाबदारी विभागाची व महाविद्यालयाची आहे, आणि आयर्न हाती देण्यापूर्वी ती पूर्ण झालेली असावी.