मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?

गेल्या दिवाळीच्या आधी आठ दिवस नणंदेकडे हैदराबादला गेले होते. हिमायतनगरात, लिबर्टीपासून जवळच त्यांचं घर. वरच्या दोन मजल्यांवर नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल. रात्री गच्चीवरचे कपडे काढायला गेले, तर एक मुलगी मोबाइलच्या उजेडात कसलासा फॉर्म घेऊन बसलेली. मला बघून म्हणाली, "अक्का, ऊटा आयता?" नणंदेचं घर कन्नड, तेव्हा मीही कन्नडच असणार, हा तिचा अंदाज. मी सवयीनं मराठीत उत्तर दिलं, तर बाईसाहेब लगेच मराठीवर आल्या. तेही आपल्या सोलापूरच्या मराठीवर!

आमच्या घरात हे रोजचंच आहे. सासूबाई कन्नडमध्ये रागावतात, मी मराठीत समजूत घालते आणि पोरं दोन्हीकडून फायदा उपटतात. म्हणून मी सहज विचारलं, "मग तुझी मातृभाषा कुठली गं?"

तिनं फॉर्म माझ्यापुढे धरला. "तोच रकाना राहिलाय, अक्का."

ती आपल्याच जिल्ह्यातल्या एका बालगृहात वाढलेली. तिचं नाव इथं देत नाही. दीड-दोन वर्षांची असताना तिथं आली. नाव संस्थेनं ठेवलं, जन्मतारीख डॉक्टरांनी दात बघून अंदाजानं ठरवली. "आम्हा पाचजणींचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा, एका केकमध्ये काम व्हायचं," असं ती हसत सांगत होती. स्वयंपाकाच्या मावशी अक्कलकोटकडच्या, त्यामुळे भूक लागली, ताप आला की कन्नड. अभ्यास घेणाऱ्या ताई मराठी. "रडायचं कन्नडमध्ये आणि पाढे मराठीत. आता तुम्हीच सांगा, काय लिहू?"

मला काही सांगता आलं नाही. आपण सीमाभागातली माणसं मातृभाषेवरून केवढे वाद घालतो! पण मातृभाषेला आधी आई लागते, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आपल्या जिल्ह्याला हा विषय नवा नाही. पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांनी टाकून दिलेल्या मुलांसाठी बालकाश्रम सुरू केला आणि तो पुढं प्रार्थना समाजानं सांभाळला. त्या काळी पुनर्विवाहाला बंदी, पण पाप लपवण्याचा भार मात्र एकट्या विधवेवर. चंद्रभागेच्या काठी मूल सोडून जाणारी बाई कुठून कुठून आलेली असेल! कानडी मुलखातलीही असेलच. त्याच्याही आधी, १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथं आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं मूल त्यांनी स्वतः दत्तक घेतलं. तो यशवंत पुढं डॉक्टर झाला. त्याला आईबापांचं नाव मिळालं, घर मिळालं. सगळ्यांना ते मिळत नाही.

नावाचं महत्त्व हिमायतनगरात बसून जास्तच जाणवत होतं. ही अख्खी वस्ती निजामाच्या थोरल्या मुलाच्या, हिमायत अली खानाच्या नावावर आहे. आणि इथं एक पोरगी वडिलांच्या नावापुढं काय लिहावं म्हणून अडलेली.

अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी या प्रश्नाचं सरळ उत्तर शोधलं. टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद, मूकबधिर मुलांना त्यांनी आपलंच नाव लावलं. वडील शंकरबाबा, आडनाव पापळकर. त्यांतली माला पापळकर दृष्टिहीन असून २०२४ साली एमपीएससीच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत निवडली गेली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. पण त्यांचं जुनं गाऱ्हाणं आहे ते अठराव्या वर्षाचं. कायद्यानं अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडायचं. पुढं एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे, ती सर्वांपर्यंत पोचत नाही. अपंग मुलांनी अठराव्या वाढदिवशी जायचं कुठं, हा बाबांचा प्रश्न.

धडधाकट मुलांचंही फार वेगळं नसतं. अमृता करवंदे गोव्याच्या अनाथाश्रमात वाढली. अठराव्या वर्षी बाहेर पडून पुण्याला आली आणि पहिली रात्र रेल्वे स्टेशनवर काढली. कामं करत शिकली, २०१७ साली राज्यसेवा परीक्षेला बसली. महिलांच्या राखीव गटापुरते गुण मिळाले, पण नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र नव्हतं. ज्यांचा पत्ताच नाही त्या वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? ती थेट मुख्यमंत्र्यांकडे गेली आणि २०१८ मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना १ टक्का समांतर आरक्षण दिलं. तेलंगणात अशी मुलं मागासवर्गीयांच्या यादीत 'अ' गटात मोडतात. एकाच मुलाला नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं नाव.

गच्चीवरच्या मुलीकडे अनाथ प्रमाणपत्र आहे. एका कार्यालयात ते दाखवल्यावर साहेब म्हणाले, "ते राहू दे, बापाचं नाव सांग." ती हे अगदी सहज सांगत होती. मलाच ऐकवेना.

धाकट्याच्या पाचव्या वाढदिवसाला आम्हीही एका बालगृहात केक घेऊन गेलो होतो, फोटो काढले होते. ते सांगितल्यावर ती म्हणाली, "येतात की सगळे. पंधरा ऑगस्टला इतकी केळी यायची की नको वाटायची. मे महिन्यात मात्र कुणी नाही. शाळेतल्या पोरी मामाकडे गेलेल्या असायच्या. तेव्हा मावशी तिघी-चौघींना स्वतःच्या घरी न्यायच्या, परवानगी काढून." त्या मावशी आता निवृत्त होऊन गावी असतात. ही दर महिन्याला त्यांना फोन करते.

मी निघाले त्या सकाळी तिनं गुडघ्याच्या दुखण्यावरचं तेल आणि एक सुती लुगडं माझ्या पिशवीत घातलं. "तुमच्या वाटेवर नाही, तरी..." म्हणाली. खरंच वाटेवर नव्हतं. भाऊबीज झाल्यावर मुद्दाम एसटीनं अक्कलकोटच्या पुढं गेले.

मावशी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. लुगडं हातात घेतलं, पण उलगडून बघितलं नाही. पोरीला नोकरी कसली, पगार किती, लग्नाचं काय, यातलं काहीसुद्धा विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "ऊटा सरी माडताळेनु?"

"हूं, माडताळ," मी म्हटलं. मग त्यांनी शेंगाच्या चटणीची पुरचुंडी बांधायला घेतली. हैदराबादला कोण कधी जाणार आहे, ते मलाच विचारत.