दोरीच्या टोकावरचे विमान

दोरीला दगड बांधून गोल फिरवण्याचा प्रयोग आपण वर्गात नेहमी करतो. आता दगडाच्या जागी सव्वा मीटर लांब पंखांचे, खरे इंजिन बसवलेले छोटे विमान आहे अशी कल्पना करा. दोरीऐवजी पोलादाच्या दोन बारीक तारा आहेत, प्रत्येकी सुमारे १८ मीटर लांबीची. मैदानाच्या मध्यभागी उभा असलेला माणूस हातातली मूठ थोडीशी कलती करतो, आणि विमान हवेत गोल कोलांटी घेते, उलटे होऊन उडते, चौकोन काढते, थेट डोक्यावरून पलीकडे जाते. अशा विमानांना 'कंट्रोल लाइन' विमाने म्हणतात. एन.सी.सी.च्या हवाई विभागात विमानांची मॉडेल्स केलेल्या विद्यार्थ्यांना ती परिचित असतील.

या प्रकाराचा प्रसार अमेरिकेत झाला. ओरेगन राज्यातील जिम वॉकर यांनी 'फायरबॉल' नावाचे असे विमान बाजारात आणले आणि १९४२ मध्ये नियंत्रणपद्धतीचे पेटंट मिळवले. पुढे त्यावरून खटला झाला. त्याच राज्यातील ओबा सेंट क्लेअर यांनी आधीच अशी रचना करून विमान उडवले होते, असे त्यात सिद्ध झाले आणि १९५५ मध्ये पेटंट रद्द ठरले.

मूळ युक्ती अगदी सोपी आहे. विमानाच्या मध्यभागी एका खिळ्याभोवती फिरणारा त्रिकोणी तुकडा असतो. त्याला बेलक्रँक म्हणतात. त्याच्या दोन टोकांना दोन तारा आणि तिसऱ्या टोकाला शेपटीकडे जाणारी सळई. मूठ कलती केली की एक तार ओढली जाते, दुसरी सैल सुटते, बेलक्रँक फिरतो आणि शेपटीची हलती फळी, म्हणजे एलेव्हेटर, वर किंवा खाली होते. मात्र हे सारे तारा ताणलेल्या असतील तरच घडते. तारा ढिल्या पडल्या, तर माणसाचा विमानावर काहीच ताबा राहत नाही.

ताण किती?

या खेळातले एक नामांकित विमान घेऊन हिशोब करू. टेक्सासच्या जॉर्ज ऑल्ड्रिच यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला 'नोबलर' हे विमान योजले. हलक्या बाल्सा लाकडाचा सांगाडा, वर कागदाचे किंवा रेशमाचे आवरण, वजन सुमारे १.१ किलोग्रॅम. वर्तुळाची त्रिज्या हातासकट १९ मीटर धरू, आणि एका फेरीला ५.२ सेकंद लागतात असे मानू. परीघ सुमारे ११९ मीटर, म्हणून वेग सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी ८३ किलोमीटर.

अभिकेंद्री बल = वस्तुमान × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या = १.१ × ५२९ ÷ १९ = सुमारे ३१ न्यूटन.

विमानाचे स्वतःचे वजन ११ न्यूटन. म्हणजे तारांवर वजनाच्या जवळजवळ तिप्पट ताण येतो. हातात तीन किलोची पिशवी धरल्यावर जाणवते तेवढी ही ओढ आहे.

आता विमान थेट डोक्यावर आले आहे. येथे वर्तुळाचे केंद्र विमानाच्या खाली आहे आणि गुरुत्वाकर्षणही खालीच ओढते. म्हणजे लागणाऱ्या ३१ न्यूटनपैकी ११ न्यूटन पृथ्वी पुरवते, तारांवर फक्त २० उरतात. वेग कमी झाला की हा आकडा झपाट्याने घसरतो. सेकंदाला साधारण १४ मीटर वेगाला तो शून्य होतो. तारा ढिल्या पडतात, आणि कित्येक महिने खपून केलेले विमान जमिनीवर आदळते. विद्यार्थी विचारतात, 'विमान वर असताना खाली का पडत नाही?' उत्तर असे की ते सतत पडतच असते, म्हणजे केंद्राकडे वळतच असते. तेथे लागणारे वळण गुरुत्वाकर्षण एकटे देऊ शकत नाही, म्हणूनच तारा ताठ राहतात.

पंखांची परीक्षा

सरळ उडताना पंखांना विमानाचे वजन तेवढे उचलायचे असते. लूप घेताना मात्र त्यांची खरी कसोटी लागते. जमिनीजवळून सुरू होऊन माथा ४५ अंशांवर असलेल्या लूपची त्रिज्या आपल्या उदाहरणात सुमारे ७.३ मीटर येते. वेग तोच. वरचाच हिशोब पुन्हा करा: पंखांना वजनाच्या साधारण सात पट बल द्यावे लागते. लूपच्या तळाशी वजनाची भर पडून ते आठ पट होते. चौकोनी लूपच्या कोपऱ्यात वळणाची त्रिज्या चार मीटर धरली, तर तेरा पटीहून अधिक! एवढी उचल आणायची कोठून?

येथे नोबलरची रचना समजून घेण्यासारखी आहे. उलटे उडायचे असल्याने पंखाचा छेद वर-खाली सारखाच, आणि पुरेसा जाड. पंखाच्या मागच्या कडेला हलणाऱ्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, आहेत आणि त्या एलेव्हेटरला जोडलेल्या आहेत. एलेव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली जातात. त्यामुळे सपाट वाटणारा पंख नेमक्या त्या क्षणी बाकदार होतो आणि त्याची उचल वाढते. वळण संपले की पंख पूर्ववत होतो. उलट दिशेच्या लूपमध्ये सारे उलटे घडते. याची किंमतही आहे: खाली गेलेला फ्लॅप विमानाचे नाक खाली दाबतो, म्हणून शेपटी मोठी ठेवावी लागते. जोडलेले फ्लॅप बॉब पामर यांच्या विमानांवरही होते. मॅट कानिया यांच्या 'रिंगमास्टर'ला मात्र फ्लॅप नाहीत. साधे, सोपे आणि नवशिक्यांचे लाडके असलेले हे विमान गोल लूप छान घेते, पण चौकोनाचे कोपरे गोलसर करते.

इंजिनाचा समजूतदारपणा

वेग घटू न देणे किती महत्त्वाचे आहे हे आपण पाहिले. या विमानांवर बहुधा 'फॉक्स ३५' हे सुमारे ५.७ घनसेंटिमीटरचे इंजिन असे. इंधन मिथेनॉल आणि एरंडेल यांचे मिश्रण. सरळ उड्डाणात त्याला मुद्दाम जास्त इंधन दिले जाई, त्यामुळे ते रमतगमत चाले. विमानाने नाक वर केले की इंजिनामागची टाकी त्याच्या खाली जाते, इंधनाला चढ चढावा लागतो, मिश्रणातले इंधन कमी होते आणि इंजिन जोरात चालू लागते. चढ संपला की पुन्हा संथ. माणसाने काहीही न करता, जेथे शक्ती हवी तेथेच ती मिळते.

आज रेडिओवर चालणारी विमाने सर्वत्र मिळतात, तरीही अमेरिकेत १९६९ अखेरपर्यंतच्या आराखड्यांची विमाने 'क्लासिक' म्हणून बांधली आणि स्पर्धांत उडवली गेली आहेत. ती पाहताना केवळ जुन्या आठवणी नव्हे, तर एका अवघड प्रश्नाची नेटकी उत्तरे दिसतात.

करून पहा

बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवा. वरच्या टोकाला खोडरबर, खालच्या टोकाला काही वायसर बांधा. नळी धरून खोडरबर डोक्याभोवती आडव्या वर्तुळात असे फिरवा की वायसर वर-खाली न होता स्थिर राहतील. दहा फेऱ्यांचा वेळ मोजा, वेग काढा आणि वरच्या सूत्राने आलेले बल वायसरांच्या वजनाशी ताडून पहा. नंतर मोकळ्या मैदानात दोरा सोडून द्या. खोडरबर केंद्रापासून सरळ बाहेर जातो की स्पर्शिकेच्या दिशेने? आधी विद्यार्थ्यांकडून अंदाज लिहून घ्या. आणि खरे कंट्रोल लाइन विमान कोणी उडवणार असेल, तर एक नियम कधीही मोडू नये: विजेच्या तारांच्या आसपास ते उडवायचे नाही. पोलादी तारेतून वीज थेट मुठीपर्यंत येते.