हजेरी कडक, भार बेताचा

हिंगोलीत संध्याकाळी सहानंतर कुठल्याही जिममध्ये डोकावलं, की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक तऱ्हा भरतीच्या पोरांची. सकाळी मैदानावर धावून आलेली, दिवसभर अभ्यासिकेत बसलेली आणि आता रॉडवर तुटून पडलेली. दुसरी तऱ्हा आम्हा नोकरी-धंदेवाल्यांची. कापडाचं दुकान चालवणारे, शाळेत शिकवणारे, बँकेत बसणारे, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात राहून रोज गावाकडची शेती बघून येणारे. वय पस्तिशीच्या पुढचं. पोट थोडं सुटलेलं, कुणाला साखर, कुणाला कंबरदुखी. वजनं दोघंही तीच उचलतात, पण पहिल्यांसमोर एक तारीख असते आणि दुसऱ्यांसमोर कुठलीच तारीख नसते. कडक शिस्त की बेतानं मेहनत, हा वाद जिममध्ये नेहमी चालतो. त्याचं उत्तर या तारखेत आहे, असं मला इतक्या दिवसांच्या निरीक्षणातून वाटतं.

भरतीच्या पोरांचा हिशेब स्वच्छ असतो. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावण्याचे 20, शंभर मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. राज्य राखीव पोलीस बलासाठी गणित वेगळं: पाच किलोमीटरला 50, शंभर मीटरला 25, गोळ्याला 25. या बलाचा गट क्रमांक 12 हिंगोलीतच असल्यामुळे हे आकडे इथल्या पोरांना तोंडपाठ असतात. गोळा 7.260 किलोचा. तो हातभर पुढे पडला तरी गुण बदलतो आणि एका गुणात यादीतलं नाव वरखाली होतं. अशा वेळी झोप, खाणं, धावणं, वजनं, सगळं घड्याळाला बांधणं त्यांना भाग आहे. त्यांची शिस्त बघून मला मनापासून आदर वाटतो. घरची चार-पाच एकर कोरडवाहू शेती आणि समोर एवढी एकच वाट, हे ठाऊक असलेलं पोरगं शेवटच्या बैठकीला दातओठ खातं, तेव्हा त्यात हौसेचा भाग थोडा असतो.

स्पर्धेच्या मंचावर तर हा हिशेब आणखी निष्ठुर होतो. सांगलीच्या संकेत सरगरनं 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या 55 किलो गटात स्नॅचमध्ये 113 आणि क्लीन अँड जर्कमध्ये 135, असे एकूण 248 किलो उचलले. मलेशियाच्या खेळाडूचे झाले 249. एका किलोनं सुवर्ण गेलं. दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलेलं असतानाही तो तिसऱ्यांदा वजनाला भिडला होता. त्याच वर्षी वडगाव मावळची हर्षदा गरुड ग्रीसमधल्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत 45 किलो गटात 70 अधिक 83, म्हणजे 153 किलो उचलून सुवर्ण जिंकली. कनिष्ठ जागतिक स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. या दोघांच्या मागे त्यांच्या गावांतल्या व्यायामशाळा आहेत आणि वर्षानुवर्षं त्याच दोन उचलींवर घासलेलं अंग आहे. तिथे मध्यम मेहनतीला जागाच नाही. एक किलो म्हणजे पदक.

पण कापड दुकानदाराला एक किलो म्हणजे काय? काहीच नाही. त्याला हवं आहे ते वेगळं: सत्तरीत जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठता यावं, गॅसची टाकी सरकवताना कंबरेत कळ येऊ नये, साखर आटोक्यात राहावी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते आपले स्नायू. तिशी-चाळिशीपासून ते हळूहळू घटत जातात आणि साठीनंतर घट वेगानं होते. ही घट अडवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना सांगितलं आहे ते फार नाही: आठवड्यातून किमान दोन दिवस, सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण पडेल असा व्यायाम. यात मंच नाही, पदक नाही. पण हे दोन दिवस मरेपर्यंतचे आहेत.

म्हणून बेतानं मेहनत म्हणजे नेमकं काय, ते जवळून बघायला हवं. आमच्या जिममध्ये साठीला टेकलेले एक निवृत्त गुरुजी येतात. पोरं त्यांना ‘सर’ म्हणतात आणि त्यांची डेडलिफ्ट बघायला नकळत थांबतात. रॉड खाली ठेवलेला असतो. सर त्याच्या इतके जवळ उभे राहतात की तो नडगीपासून दोन बोटांवर येतो. पावलं कंबरेच्या रुंदीइतकी. ढुंगण मागे ढकलत ते वाकतात, पाठ सपाट राहते, मान पाठीच्या रेषेत. रॉड मुठीत आला की हात ताणून घेतात, म्हणजे प्लेटांचा बारीक खण्ण असा आवाज येतो आणि रॉडमधला ढिलेपणा संपतो. मग पोटात श्वास भरून ते पायांनी जमीन खाली दाबतात. गुडघे आणि कंबर एकदम उघडतात. वर गेल्यावर मागे झुकणं नाही. खाली आणतानाही तेवढाच सांभाळ. आठ वेळा झालं की थांबतात. चेहऱ्यावर ताण असतो, पण अजून दोनदा उचलता आलं असतं हे बघणाऱ्यालाही कळतं.

ही दोनची शिल्लक हाच बेत. अंगातला शेवटचा थेंब पिळल्याशिवाय ताकद वाढत नाही, ही समजूत जिममध्ये पक्की आहे. अभ्यास मात्र वेगळं सांगतात. पूर्ण थकव्याच्या एक-दोन पायऱ्या अलीकडे थांबणाऱ्यांची ताकद जवळपास तेवढीच वाढते, आणि सांधे व स्नायू पुढच्या खेपेला ताजे राहतात. शेवटच्या दोन उचलींमध्येच पाठ वाकते, गुडघा आत येतो, मनगट मुरगळतं. ज्याला दोन दिवसांनी पुन्हा यायचं आहे, त्यानं त्या दोन सोडून द्याव्यात.

पण सरांची एक गोष्ट अजिबात सैल नाही, ती म्हणजे वही. शंभर पानी, कडा मुडपलेली शाळकरी वही. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा. आमच्या जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची आहे. दोन बाजूंना दोन लावल्या की थेट पाच किलो वाढतात, आणि खांद्यावरून डोक्यावर वजन नेण्याच्या व्यायामात पाच किलो म्हणजे मोठी उडी. तोल जातो, कंबर मागे वळते. सर तिथे घाई करत नाहीत. तेच वजन आठ वेळा जमलं की दहा वेळा, मग बारा वेळा. बारा वेळा सहज जमायला लागलं की मगच प्लेट वाढते आणि मोजणी पुन्हा आठवर येते. एका प्लेटीसाठी महिना लागला तरी त्यांना घाई नाही. बेतानं मेहनत करणाऱ्यांतले बहुतेक फसतात ते इथे. ते वर्षभर तेच वजन तेवढ्याच वेळा उचलतात आणि अंगात फरक नाही म्हणून सोडून देतात. अंगाला पहिल्यापेक्षा थोडं जास्त मागितलं तरच ते देतं. थोडंच, पण मागावं लागतं.

वजन उचलणं म्हणजे काय, हे नीट बघायचं असेल तर जिमच्या बाहेरही जावं लागतं. उन्हाळ्यात हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात हळदीची आवक जोरात असते. शिजवून, वाळवून, पॉलिश करून आणलेली हळद कट्ट्यांत भरलेली. एक कट्टा साधारण 50 किलोचा. दोघं हमाल त्याचे कोपरे धरून तो वर झुलवतात, तिसरा खांद्यावर फडकं टाकून पाठमोरा होतो आणि नेमक्या क्षणाला खाली शिरतो. कट्टा मानेच्या खाली, पाठीच्या वरच्या भागावर बसतो. मग तो आधी गुडघे सरळ करतो, नंतर पाऊल टाकतो. पावलं आखूड आणि एका चालीची. थप्पीजवळ गेल्यावर खांदा थोडा कलता करतो आणि कट्टा आपल्या जागी पडतो. हातांनी ओढाताण कुठेच नाही. एका मामांना विचारलं तर म्हणाले, ‘घाई केली की माणूस दुपारालाच बसतो बाबा.’

कसब शिकावं तर या माणसांकडून. पण त्यांच्या अंगाकडे बघून ‘यांना कुठे जिम लागते’ असं जे बोललं जातं, ते चूक आहे आणि अन्यायाचंही आहे. युरोपातल्या मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे की फावल्या वेळातल्या व्यायामानं हृदयाला जसा फायदा होतो, तसा पोटासाठी केलेल्या जड अंगमेहनतीनं होत नाही. कारण उघड आहे. हमालाला भार निवडता येत नाही, थांबण्याची वेळ ठरवता येत नाही, आणि मालाच्या दिवसांत विश्रांती म्हणजे बुडालेली मजुरी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1967 सालीच पुरुष कामगारानं एका वेळी उचलायच्या वजनाला 55 किलोची मर्यादा सुचवली होती. महाराष्ट्रात 1969 मध्ये माथाडी कायदा आला, तो बाबा आढावांसारख्यांनी हमालांना संघटित करून दिलेल्या लढ्यांच्याच काळात. आम्हा जिमवाल्यांना भार निवडण्याची आणि थांबण्याची जी मोकळीक आहे, तिची किंमत यार्डात अर्धा तास उभं राहिलं की कळते. ती मोकळीक हातात असताना तीन महिन्यांत शरीर बनवण्याच्या नादानं अंग मोडून घेणं शहाणपणाचं नाही.

बेतानं मेहनत करणाऱ्याचा खरा शत्रू आळसापेक्षा खंड आहे. आपल्याकडे खंडाला निमित्तांची कमी नाही. फेब्रुवारी-मार्चात हळद काढणी सुरू झाली की शेतीवाले गावाकडे जातात. एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि ऊन. पत्र्याच्या शेडमधली जिम संध्याकाळी सातलाही भट्टीसारखी तापलेली असते. जूनमध्ये पेरणी, मग गणपती, मग दसऱ्याचं प्रदर्शन. खंड पडणारच. वाईट होतं ते परतल्यावर. माणूस येतो आणि पहिल्याच दिवशी जुन्या वजनाला हात घालतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, आठवड्यानं तो दिसेनासा होतो. महिनाभराच्या खंडानंतर जुन्या वजनाच्या निम्म्यापासून सुरुवात करावी. एकदा कमावलेली ताकद स्नायू पुन्हा लवकर परत मिळवतात. दोन-तीन आठवड्यांत गाडी मूळ पदावर येते.

खंडाच्या बाबतीत भरतीची पोरंही सुटत नाहीत. यादी लागली की निवडलेली प्रशिक्षणाला जातात, राहिलेली कामाला लागतात किंवा पुढच्या भरतीची वाट बघतात. अनेकांचा व्यायाम त्या तारखेला संपतो. इतकी कडक शिस्त पाळलेलं अंग तिशीत सुटलेलं दिसतं, तेव्हा वाईट वाटतं. यात त्यांचा दोष नाही. आपण त्यांना कळस चढायला शिकवतो, पण खाली उतरून सपाटीवर कसं चालत राहायचं ते कुणी सांगत नाही. जिम चालवणाऱ्यांनी आणि भरती अकादमीवाल्यांनी हे काम अंगावर घ्यावं. भरतीनंतर आठवड्याला दोन दिवसांचा साधा आराखडा प्रत्येक पोराच्या हातात द्यावा.

खुराकाबद्दल थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजनं उचलणाऱ्यांना 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही. म्हणजे 70 किलोच्या माणसाला साधारण 58 ते 112 ग्रॅम. महागडा डबा घेण्याआधी घराकडे बघावं. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. आणि आपल्या जिल्ह्यात रानोरान पिकणाऱ्या सोयाबीनच्या शंभर ग्रॅमांत छत्तीस ते चाळीस. ते सगळं बाजारात घालण्याआधी दोन पायली घरात ठेवायला हरकत नाही.

जिममध्ये बायकांची संख्या अजून फार कमी आहे. ‘वजनं उचलली तर अंग राठ होईल’ ही भीती त्यांच्या मनात घरच्यांनीच घातलेली असते. ती निराधार आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्यानं उतरते आणि ती सावरायला भार घेऊन केलेला व्यायाम मदत करतो. आईला, बायकोला, सासूबाईंना सकाळच्या बॅचला घेऊन जाणं हे घरातल्या पुरुषांचं काम आहे. सुरुवात नुसत्या रॉडनं, तोही जड वाटला तर हलक्या डंबेलनं.

मला एवढंच सांगायचं आहे. ज्याच्यासमोर तारीख आहे, त्यानं सगळ्याच बाबतींत कडक व्हावं, त्याला इलाज नाही. ज्याच्यासमोर नाही, त्यानं फक्त तीन गोष्टींत कडक राहावं: उचलण्याची पद्धत, वही आणि हजेरी. भार बेताचा चालेल, वेळ चाळीस मिनिटांची चालेल, एखाद्या दिवशी मन लागलं नाही म्हणून दोन व्यायाम गाळले तरी चालतील. आठवड्यातले दोन वार मात्र चुकता कामा नयेत. तुमचे दोन वार आजच ठरवा, घरात सांगून ठेवा आणि दहा रुपयांची एक वही विकत घ्या. बिनवजनाची बैठक आठ वेळा जमली, तरी पहिल्या पानावर तेवढंच लिहा.