आरसी-१०ची मोटर पुढे आणताना

कॅलिफोर्नियातल्या टीम असोसिएटेडनं १९८४ साली आरसी-१० ही रेडिओ कंट्रोल बग्गी बाजारात आणली. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची, कडा वर वळवलेल्या सोनेरी अ‍ॅल्युमिनियम चासीची. पुढच्याच वर्षी डेल मारला या आकाराच्या इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील ड्राइव्ह गटात जे हाल्सी हीच गाडी चालवून जिंकला. हौशी मंडळी आजही तिची चासी बदलतात, आणि त्यातला सर्वांत धाडसी बदल म्हणजे मागची मोटर मध्ये आणणं.

मूळ गाडीत मोटर मागच्या आसाच्याही मागे आहे, आणि ते अगदी योग्य होतं. त्या काळचे ट्रॅक भुसभुशीत मातीचे. मागच्या चाकांवर वजन नसेल तर ती जागच्या जागी फिरत राहतात. पुढे कार्पेट, कृत्रिम गवत आणि घट्ट चिकणमातीचे ट्रॅक आले. तिथे मागे भरपूर पकड मिळते. वळणात पुढची चाकं हलकी पडतात आणि गाडी बाहेर सरकते.

म्हणून कागदावर आधी हिशेब मांडावा. गाडी दीड किलोची, व्हीलबेस २७० मिमी, मोटर १७० ग्रॅमची धरू. मोटर आसाच्या ४५ मिमी मागे होती, ती ४५ मिमी पुढे आणली, म्हणजे ९० मिमी सरकली. एवढ्यानं जवळपास ५७ ग्रॅम भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. पुढे आधी सव्वापाचशे ग्रॅम असतील, तर ही वाढ अकरा टक्के झाली. स्टिअरिंगला हा फरक लगेच जाणवतो.

खरी अडचण गिअरबॉक्सची. नंतर आलेल्या स्टेल्थ गिअरबॉक्समध्ये तीन गिअर असतात. तो उलटा फिरवून बसवला की मोटर पुढे येते खरी, पण गाडी मागे पळू लागते. सेन्सर असलेल्या ब्रशलेस मोटरची दिशा स्पीड कंट्रोलरच्या सेटिंगमधून बदलता येते. नाहीतर चौथा गिअर घालावा लागतो. मात्र चौथ्या गिअरमुळे मोटरचा रोटर चाकांच्याच दिशेनं फिरतो. थ्रॉटल दाबताच त्याची प्रतिक्रिया गाडीचं नाक उचलते आणि भार मागे टाकते. ट्रॅक निसरडा असेल तर हा फायदाच. माझं मत विचाराल तर मातीवर चार गिअर, कार्पेटवर तीन.

मोटर मध्ये आली की बॅटरीची जागा जाते. जुना सहा सेलचा पॅक लांबीच्या दिशेनं बसायचा. आता तेवढी लांबी उरतच नाही. शॉर्टी लिथियम पॉलिमर पॅकनं हा प्रश्न सोडवला. साधा पॅक साधारण १३९ मिमी लांब, शॉर्टी ९६ मिमी. तो आडवाही बसतो. बॅटरीसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा ठेवाव्यात, म्हणजे ट्रॅक पाहून ती पुढेमागे सरकवता येते.

नव्या चासीची पहिली पट्टी पुठ्ठ्याची कापावी, दुसरी स्वस्त फायबरग्लासची, आणि कार्बन फायबरला हात शेवटी लावावा. कार्बन वाकवता येत नाही, त्यामुळे नाकाकडचा चढ वेगळ्या तुकड्यानं साधावा लागतो. कापताना मास्क हवाच. धूळ फुप्फुसात जाते. कापलेल्या कडांवर पातळ सुपरग्लू फिरवला की थर सुटत नाहीत. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून वायरी कडेला घासू देऊ नयेत. आणि आरसी-१०चे स्क्रू ४-४० या इंची मापाचे आहेत, ३ मिमीचे नव्हेत. भोकं पाडण्याआधी हे ध्यानात ठेवावं.

मोटर मध्ये आणण्याच्या वाटेला मोठ्या कंपन्या उशिरा आल्या. एक्स-फॅक्टरीसारख्या छोट्या अमेरिकी कंपनीची मिड-मोटर एक्स-६ आधीच धावत होती. २०११च्या टीएलआर २२ या बग्गीत एकाच किटमधून मोटर मागे किंवा मध्ये बसवता येऊ लागली, आणि असोसिएटेडनं पुढे बी-५ सोबत मिड-मोटरची बी-५एम काढली.

पुठ्ठा कापण्याआधी पुढच्या आणि मागच्या चाकांखाली स्वयंपाकघरातले दोन काटे ठेवून गाडीचं वजन तेवढं करून घ्या. आणि तुमचं मैदान मोकळ्या मुरमाचं असेल, तर मोटर मागेच राहू द्या.