‘बहर ओसरला’ या विधानाचा अर्थ : बॉब डिलन यांच्याविषयीच्या एका वादाचे विश्लेषण

एखाद्या कलावंताविषयी ‘त्याचा बहर आता ओसरला’ असे म्हटले जाते, तेव्हा ते विधान रूपाने साधे वस्तुविधान असते. ‘नदीचा पूर ओसरला’ या विधानाच्याच जातीचे ते दिसते. परंतु पूर ओसरला की नाही, हे घाटाच्या उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजून सांगता येते. कलावंताच्या बाबतीत अशा पायऱ्या कोणत्या, हे विधान सांगत नाही. ते गृहीत धरते. ज्या गायकाने आयुष्यभर एकच गानप्रकार जोपासला, त्याच्या बाबतीत हे गृहीत फारसे खटकत नाही, कारण त्याचे कालचे गाणे आणि आजचे गाणे एकाच मापाने मोजता येते. परंतु ज्याने वारंवार गानप्रकारच बदलला, त्याच्या बाबतीत मोजावयाची वस्तू आणि माप ही दोन्ही एकाच वेळी बदललेली असतात. अशा वेळी वादाचे दोन्ही पक्ष एकच वाक्य उच्चारीत असले, तरी ते एकाच गोष्टीविषयी बोलत असतात असे म्हणता येत नाही.

अमेरिकन गीतकार व गायक बॉब डिलन यांच्या श्रोत्यांमध्ये १९६५ पासून चालत आलेला वाद हे याचे उत्तम उदाहरण होय. डिलन यांच्या गीतांचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. त्यांच्याविषयी निवाडा देताना जी भाषा वापरली जाते, तिच्यात काय दडलेले असते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१. वादाचा पूर्वेतिहास

रॉबर्ट झिमरमन ऊर्फ बॉब डिलन यांचा जन्म २४ मे १९४१ रोजी मिनेसोटा राज्यातील डुलुथ येथे झाला. जानेवारी १९६१ मध्ये ते न्यूयॉर्कला आले आणि दोन-तीन वर्षांतच त्या काळच्या लोकगीतांच्या चळवळीतील अग्रगण्य गायक म्हणून मान्यता पावले. साधी गिटार, तोंडाने वाजवावयाचा बाजा, सामाजिक आशयाची गीते आणि बाजारी संगीतापासून राखलेले अंतर, ही त्या चळवळीची लक्षणे होती. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट येथील लोकगीत महोत्सवात डिलन विजेवरची गिटार घेऊन वादकवृंदासह उभे राहिले व त्यांनी तीन गीते रॉक पद्धतीने सादर केली. श्रोत्यांपैकी काहींनी हुर्यो उडविली. ही हुर्यो नव्या वाद्यांविरुद्ध होती, ध्वनियोजनेतील दोषांविरुद्ध होती, की अल्पावधीत आटोपलेल्या कार्यक्रमाविरुद्ध होती, याविषयी मतभेद आहेत. हुर्यो हा मूल्यनिर्णय खरा. पण त्याला उद्देश्यही नसते आणि विधेयही नसते, आणि म्हणूनच पुढील पिढ्यांना तिच्यात हवा तो अर्थ भरता आला.

यानंतरची वळणे थोडक्यात अशी : १९६९ मध्ये ‘नॅशव्हिल स्कायलाइन’ या ध्वनिमुद्रिकेत कंट्री संगीत व अनपेक्षितपणे मृदू झालेला आवाज; १९७० मध्ये ‘सेल्फ पोर्ट्रेट’ ही बरीचशी इतरांच्या गीतांची, समीक्षकांनी धारेवर धरलेली ध्वनिमुद्रिका; १९७९ मध्ये ‘स्लो ट्रेन कमिंग’ व तिच्यापासून सुरू झालेला ख्रिस्ती भक्तिगीतांचा कालखंड; १९९२ व १९९३ मध्ये एकट्याने गायिलेली जुनी लोकगीते; आणि २०१५ ते २०१७ या काळात, विशेषतः फ्रँक सिनात्रा यांच्या नावाशी निगडित असलेली जुनी लोकप्रिय अमेरिकन गीते. यांपैकी बहुतेक वळणांवर श्रोत्यांचा एक वर्ग ‘आता संपले’ असे म्हणत आला आणि दुसरा वर्ग त्याचा प्रतिवाद करीत आला.

२. एका वाक्यातील तीन विधाने

‘बहर ओसरला’ या एकाच वाक्याने निदान तीन भिन्न विधाने केली जातात. पहिले विधान कुवतीविषयीचे असते : या व्यक्तीला जे पूर्वी साधत होते ते आता साधत नाही. दुसरे निष्ठेविषयीचे असते : या व्यक्तीने ज्याचा अंगीकार केला होता ते सोडले. तिसरे श्रोत्याच्या प्रतिसादाविषयीचे असते : या व्यक्तीचे गाणे पूर्वी ज्याला भिडत होते त्याला आता भिडत नाही.

१७ मे १९६६ रोजी मँचेस्टर येथील फ्री ट्रेड हॉलमध्ये डिलन यांचा वादकवृंद साथीला असताना एका श्रोत्याने ‘जुडास!’ अशी आरोळी ठोकली. ही एका शब्दाची उक्ती दुसऱ्या प्रकारच्या विधानाचा शुद्ध नमुना आहे. जुडास हा ख्रिस्ताच्या बारा निकटवर्ती शिष्यांपैकी एक होता. परक्या माणसाला किंवा निव्वळ अकुशल माणसाला जुडास म्हणता येत नाही. द्रोहाच्या आरोपात पूर्वीचे आप्तत्व गृहीत असते, आणि द्रोह करणाऱ्याचे सामर्थ्य कमी झाले आहे असे त्यात मुळीच सुचविलेले नसते. किंबहुना सामर्थ्य शाबूत असते म्हणूनच द्रोह झोंबतो. त्या वेळी डिलन पंचविशीतही पोहोचले नव्हते. तथापि लोकगीतांच्या कट्टर उपासकांच्या दृष्टीने हा द्रोह म्हणजेच अवनती ठरली. निष्ठेविषयीच्या विधानाचे कुवतीविषयीच्या विधानात असे रूपांतर होते, पण वाक्य न बदलल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

भक्तिगीतांच्या कालखंडात हीच प्रक्रिया पुन्हा दिसते. नोव्हेंबर १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील वॉरफील्ड थिएटरमधील कार्यक्रमांत डिलन यांनी जुनी गीते गाण्याचे पूर्णपणे टाळले व केवळ नवी भक्तिगीते गायिली. अनेक श्रोते नाराज झाले आणि कलावंत संपल्याची भाषा पुन्हा सुरू झाली. परंतु त्याच ध्वनिमुद्रिकेतील एका गीताच्या गायनाबद्दल डिलन यांना १९८० मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. आक्षेप वास्तविक गीतांच्या आशयावर होता. निर्णय मात्र गायकाच्या कुवतीवर दिला गेला.

३. लुप्त झालेला अनुभवक

तिसऱ्या प्रकारच्या विधानाकडे मराठीच्या दृष्टीने विशेष लक्ष द्यावयास हवे. रुचणे, आवडणे, भिडणे, पटणे या क्रियापदांच्या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती मराठीत चतुर्थीत येते : ‘मला हे गाणे भिडत नाही.’ येथे ‘मला’ हे पद कोणाच्या अनुभवाविषयी बोलणे चालले आहे, हे स्पष्टपणे नोंदविते. याउलट ‘त्यांचा बहर ओसरला’ या वाक्यात अनुभवकाला जागाच नाही. ‘ओसरणे’ हे अकर्मक क्रियापद असून त्याचा कर्ता ‘बहर’ हा आहे; तो कोणाच्या दृष्टीने ओसरला, हे विचारण्याची सोय रचनेत नाही. पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे जाताना बोलणारा स्वतः वाक्यातून बाहेर पडतो आणि त्याच्या अनुभवाची नोंद जगाविषयीची वस्तुस्थिती बनते.

जो श्रोता १९६५ मध्ये वीस वर्षांचा होता, तो १९८५ मध्ये चाळीस वर्षांचा झाला. या वीस वर्षांत गायक बदलला तसा श्रोताही बदलला. एखादे गाणे पूर्वीसारखे भिडेनासे झाले, तर बदल कोणत्या टोकाला घडला हे त्या अनुभवावरून कळत नाही. चतुर्थीचे रूप ही अनिश्चितता प्रामाणिकपणे राखून ठेवते. ‘बहर ओसरला’ हे वाक्य ती नाहीशी करते.

४. रूपकांचा तर्क

या संदर्भात मराठीत जी रूपके रूढ आहेत त्यांचे तर्कशास्त्र एकसारखे नाही. ‘उतरणीला लागणे’ या प्रयोगात एक शिखर गृहीत असते व एकदा उतरू लागल्यावर पुन्हा चढण संभवत नाही. ‘सद्दी संपणे’ या प्रयोगात व्यक्तीच्या गुणांपेक्षा तिच्या चलतीचा व प्रभावाचा निर्देश असतो. ‘बहर’ हा शब्द मात्र ऋतुचक्राशी बांधलेला आहे. महाराष्ट्रातील संत्र्या-डाळिंबांचे बागाईतदार मृग बहार, हस्त बहार व आंबे बहार असे तीन बहार ओळखतात आणि त्यांतील एक धरण्यासाठी झाडाचे पाणी काही काळ तोडतात. यालाच ताण देणे म्हणतात. ताणावर असलेले झाड पाने गाळते. परक्या माणसाला ते वाळत चालल्यासारखे वाटते. ‘बहर ओसरला’ या वाक्याचा नेमका अर्थ घेतला, तर पुढचा बहर येणार नाही असे त्यातून निष्पन्न होत नाही. व्यवहारात मात्र ते ‘उतरणीला लागला’ या अर्थाने वापरले जाते.

डिलन यांच्या कारकिर्दीत या दोन रूपकांची कसोटी लागते. १९९२ व १९९३ च्या ध्वनिमुद्रिकांत त्यांची स्वतःची एकही रचना नव्हती. उतरणीच्या तर्काने पाहता हा शेवट होता. परंतु १९९७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, ‘टाइम आउट ऑफ माइंड’ ही नव्या रचनांची ध्वनिमुद्रिका निघाली व १९९८ मध्ये तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. पुढे २०१२ ची ‘टेम्पेस्ट’ आणि २०२० ची ‘रफ अँड राउडी वेज’ यांच्या दरम्यान नव्या स्वतःच्या गीतांची एकही ध्वनिमुद्रिका आली नाही. २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या सुमारास ते इतरांचीच गीते मुद्रित करीत होते. त्या आठ वर्षांच्या मध्यावर उभे राहून ही उतरण आहे की ताण, हे सांगणे कोणालाही शक्य नव्हते.

सद्दीचे माप लावले तर निष्कर्ष आणखी निराळा निघतो. २००६ ची ‘मॉडर्न टाइम्स’ ही अमेरिकेतील विक्रीत प्रथम स्थानी पोहोचली. १९७६ नंतर डिलन यांना असे स्थान प्रथमच मिळाले व तेव्हा त्यांचे वय पासष्ट होते. परंतु विक्रीचा आकडा हे माप १९६५ च्या आक्षेपकांना मान्य झाले नसते. बाजारापासून दूर राहणे हाच त्यांच्या लेखी गुण होता.

५. एक महत्त्वाचा आक्षेप

वरील विवेचनावर असा आक्षेप येऊ शकेल की, प्रत्येक अवनतीला ‘दिशाबदल’ असे नाव देता आले तर कोणताही निर्णयच संभवणार नाही आणि चाहत्यांना एक सोयीची ढाल मिळेल. हा आक्षेप गंभीर आहे, कारण कुवतीचा ऱ्हास ही खरी गोष्ट असते. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धातील डिलन यांचे काम क्षीण होते, याविषयी श्रोत्यांत बरेच एकमत आहे. १९८८ च्या ‘डाउन इन द ग्रूव्ह’ची बाजू घेणारे थोडेच आढळतात. १९८७ च्या सुमारास आपण रिते झालो आहोत असे वाटत होते, हे डिलन यांनी स्वतःच २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नमूद केले आहे. उतारवयात त्यांचा आवाज घोगरा झाला व त्याचा पल्ला आखूड झाला, हेही कानांना कळते.

परंतु या निर्विवाद क्षेत्रातही पुराव्याची तपासणी करावी लागते. ‘ब्लाइंड विली मॅक्टेल’ हे गीत १९८३ मध्ये मुद्रित झाले, पण त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रिकेतून डिलन यांनी ते वगळले. ते अधिकृतपणे १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले व आज त्यांच्या श्रेष्ठ रचनांत गणले जाते. म्हणजे त्या दशकातील श्रोते डिलन यांच्या रचनाशक्तीवर निर्णय देत आहेत असे मानीत होते, पण त्यांच्यापुढे होती ती केवळ त्यांची निवड. रचण्याची शक्ती आणि निवडण्याची शक्ती या दोन वेगळ्या शक्ती आहेत, आणि ‘कुवत’ या एका शब्दात त्या एकत्र झाल्या होत्या. त्याचप्रमाणे २०१३ मध्ये ‘सेल्फ पोर्ट्रेट’च्या काळातील व २०१७ मध्ये भक्तिगीतांच्या काळातील अप्रकाशित मुद्रणे प्रसिद्ध झाली आणि दोन्ही कालखंडांचे पुनर्मूल्यन सुरू झाले. हा केवळ अभिरुचीचा पालट नव्हता; निर्णयाचा आधारच विस्तारला होता.

आवाजाच्या बाबतीतही केवळ ऱ्हास नोंदवून भागत नाही. डिलन यांचा आवाज १९६२ मध्येही गोड मानला जात नव्हता. त्याचे मूल्य उच्चारण, शब्दांवरील आघात व ओळीची लांबी यांतून निर्माण होत होते. वयानुसार पल्ला घटला, पण शब्दफेकीची सूक्ष्मता घटली की नाही हा स्वतंत्र प्रश्न राहतो. २०२० च्या ध्वनिमुद्रिकेत बोलण्याच्या जवळ जाणारी जी गायनपद्धती आहे, तिची परीक्षा या प्रश्नाच्या आधारे व्हावयास हवी.

६. निष्कर्ष

‘बहर ओसरला’ हे विधान निरर्थक नाही. ते अपुरे आहे. ते पूर्ण करावयाचे तर तीन गोष्टी सांगाव्या लागतात : कोणती शक्ती, कोणत्या गानप्रकाराच्या मापाने आणि कोणाच्या अनुभवात. कुवतीविषयीच्या विधानाला त्याच प्रकारच्या आधीच्या व नंतरच्या कृतींची तुलना लागते : भक्तिगीत भक्तिगीताशी ताडून पाहावे, १९६३ च्या निषेधगीताशी नव्हे. निष्ठेविषयीच्या विधानाला असे वचन मुळात दिले गेले होते काय, हे दाखवावे लागते. प्रतिसादाविषयीच्या विधानाला बोलणाऱ्याने आपले ‘मला’ वाक्यात परत आणले तरी पुरे.

अशा पृथक्करणाने वाद मिटेल असे नाही आणि तो मिटावा अशी आवश्यकताही नाही. चाहत्यांच्या वादात पुष्कळदा त्यांच्या आयुष्यातील एक काळ पणाला लागलेला असतो, आणि तो गेल्याचे दुःख गायकाच्या नावाने व्यक्त होते. ते दुःख खरे असले, तरी ते गायकाच्या कुवतीचा पुरावा ठरत नाही. मे २०२१ मध्ये डिलन यांनी वयाची ऐंशी वर्षे पूर्ण केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नव्या दौऱ्यास आरंभ केला. त्या कार्यक्रमांत मुख्य भर १९६५ पूर्वीच्या गीतांवर नव्हता; तो २०२० च्या गीतांवर होता.